कोलंबसाची गुंडी, वऱ्हाडाची सरकी

दर्यापूरहून अकोटकडे जाताना दोन्ही अंगांना पूर्णेच्या खोऱ्यातली काळी जमीन लागते. हा खारपाणपट्टा. विहिरीचं पाणी मचूळ, पावसात चिखल सोडवत नाही, उन्हाळ्यात भेगा अशा की चप्पल आत जावी. दिवाळी उलटून गेल्यावर इथल्या एका धुऱ्यावर उभं राहून मी दोन बोंडं हातात घेतली. एक अमेरिकन कपाशीचं: टपोरं, पाच पाकळ्यांचं, भरगच्च फुटलेलं. दुसरं गावरानीचं: लहानसं, खाली मान घातलेलं, अर्धा कापूस वाऱ्यावर लोंबत असलेला. अमेरिकन रुईचे तंतू बोटांनी ओढले की अंगठ्याच्या पेराएवढे भरतात. गावरानीचे पेराच्या आतच संपतात आणि बोटाला खरबरीत लागतात.

"हा आपला, अन् तो बाहेरचा," शेतकरीदादा म्हणाले.

मी मान डोलावली. पण सरकीच्या पोटात शिरून पाहिलं तर त्यांचं म्हणणं अर्धंच खरं निघतं. बाहेरच्याचं अर्धं गोत्र इकडचंच आहे.

गावरानी कपाशीला शास्त्रात गॉसिपियम आर्बोरियम म्हणतात. तिच्या प्रत्येक पेशीत २६ गुणसूत्रं. अमेरिकन कपाशी म्हणजे गॉसिपियम हिर्सुटम. तिच्यात ५२, म्हणजे बरोबर दुप्पट. सूक्ष्मदर्शकाखाली या ५२ पैकी २६ मोठी दिसतात आणि २६ लहान. मोठी गावरानीच्या मापाची, लहान अमेरिकेतल्या रानकपाशीच्या मापाची. स्कोव्हस्टेड या संशोधकाने आशियाई आणि अमेरिकन कपाशीचा संकर करून १९३४ मध्ये दाखवलं, की त्या संकरात गुणसूत्रांच्या १३ जोड्या लागतात आणि १३ एकटीच भटकत राहतात. याचा अर्थ, अमेरिकन कपाशी हीच मुळी एका जुन्या संकराची पोर आहे. १९४० मध्ये टेक्सासच्या बीस्लीने गावरानी कपाशीचा तिकडच्या एका रानजातीशी संकर केला, कोल्चिसिन वापरून त्याची गुणसूत्रं दुप्पट केली, आणि निघालेलं झाड अमेरिकन कपाशीशी फळलं. सोयरीक जुळली ती अशी. (जाता जाता: हेच कोल्चिसिन आपल्या रानातल्या कळलावीच्या कंदातही असतं. कळ लावणाऱ्या झाडाच्या विषाने इथे लग्न लावून दिलं.)

मूळचा संकर प्रयोगशाळेत झाला नव्हता. दहा ते वीस लाख वर्षांपूर्वी गावरानीच्या कुळातली, आज नामशेष झालेली एक कपाशी आफ्रिकेच्या बाजूने समुद्र ओलांडून अमेरिकेत पोचली आणि तिथल्या रानकपाशीशी तिचा संकर झाला. तेव्हा आपल्यासारखी माणसं पृथ्वीवर नव्हती. गलबतं तर दूरच. सरकीचं टरफल टणक असतं, वर तंतूंचा गुंता असतो, आणि काही रानजातींच्या सरक्या खाऱ्या पाण्यात महिनोन्महिने राहूनही उगवतात. गॅलापागोस बेटांवर डार्विनने १८३५ मध्ये जी कपाशी गोळा केली, तिला आज त्याचंच नाव आहे. हवाई बेटांवरही स्वतःची वेगळी कपाशी आहे. दोन्ही बेटं ज्वालामुखीतून वर आलेली, कधीच कुठल्या खंडाला चिकटलेली नव्हती. तिथली कपाशी समुद्रावरूनच आली असणार.

आता यातली मौज पाहा. अमेरिकेतल्या त्या रानकपाशीच्या सरकीवर लव असते, पण ती कातता येण्याजोगी नसते. कातण्यालायक धागा आला तो समुद्र ओलांडून आलेल्या पूर्वजाकडून. मेक्सिकोतल्या आणि पेरूतल्या माणसांनी पुढे हजारो वर्षं निवड करून तो लांबवला, मऊ केला. भारतीय उपखंडातल्या माणसांनी इकडे, अगदी स्वतंत्रपणे, गावरानी कपाशी माणसाळवली. कुणालाच दुसऱ्याची खबर नव्हती.

खबर लागली ती १२ ऑक्टोबर १४९२ ला. हिंदुस्थान शोधायला निघालेला कोलंबस बहामाच्या एका बेटावर उतरला. त्या दिवसाच्या त्याच्या रोजनिशीत नोंद आहे, की तिथले लोक पोहत गलबतापाशी आले आणि पोपट, भाले आणि सुताच्या गुंड्या देऊ लागले. त्या गुंड्यांना त्याने 'अल्गोदोन' म्हटलं. हा स्पॅनिश शब्द मूळ अरबी, कारण युरोपला कापूस ओळखीचा झाला तो अरबांमार्फत. हिंदुस्थान कापसाचा मुलूख आहे हे तिकडच्या व्यापाऱ्यांना ठाऊक होतं. चुकीच्या किनाऱ्यावर उतरलेल्या माणसाच्या हातात नेमकी ओळखीची वस्तू पडली! ती गुंडी ज्या झाडाची, त्याची २६ गुणसूत्रं गावरानीच्या भाऊबंदांतली होती, हे त्याला कळायला वाव नव्हता.

त्याच दशकात वऱ्हाडात वेगळीच उलथापालथ चालली होती. बहमनी सुलतानी मोडकळीला आली आणि १४९० मध्ये फत्तेउल्ला इमादुल्मुल्कने वऱ्हाडची इमादशाही उभी केली. एलिचपूर, म्हणजे आजचं अचलपूर, ही तिची राजधानी. मे १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतजवळ उतरला. एलिचपूरच्या दरबाराला त्याची फारशी तमा असण्याचं कारण नव्हतं. वऱ्हाडला समुद्रच नाही. पण कापसाला समुद्र लागत नाही, बैल लागतात.

युरोपच्या व्यापाऱ्यांना मसाले हवे होते. मसाल्याच्या बेटांवर मात्र त्यांच्या लोकरीला गिऱ्हाईक नव्हतं. तिथे चालायचं हिंदुस्थानी सुती कापड. म्हणून डच आणि इंग्रज मच्छलीपट्टणमला वखारी घालून बसले. इंग्रजांची वखार १६११ ची. तिथल्या किनाऱ्यावरच्या विणकरांना लागणाऱ्या कापसाचा मोठा भाग दख्खनच्या पठारावरून, वऱ्हाडातून जायचा. नेणारे बंजारे. पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाने १६३२ मध्ये उत्तरेत चौदा हजार बैलांचा एक तांडा पाहून लिहून ठेवला आहे. तांडे असे रानोमाळ चरत, दिवसाला थोडीच मजल मारत चालायचे. घाई नव्हती. बैलांना रानातला चारा फुकट होता, आणि वाहतूक स्वस्त पडायची ती त्यामुळेच.

हिंदुस्थानी कापड मसाल्याच्या बेटांवर गेलं, तसंच पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरही गेलं. तिथे त्याच्या बदल्यात माणसं विकत घेतली जायची. ती माणसं जहाजांच्या तळाशी साखळदंडांत अमेरिकेत पोचायची आणि ऊस, तंबाखू आणि पुढे कापूस पिकवायची. अठराव्या शतकाच्या शेवटी हा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांत शिरला. इथून मामला वऱ्हाडच्या मुळावर आला.

गिरणीत पेळू रोलरच्या दोन जोड्यांमधून जातो. पुढची जोडी मागचीपेक्षा जोरात फिरते, म्हणून पेळू ताणला जातो. दोन जोड्यांमधलं अंतर तंतूच्या लांबीशी मिळतंजुळतं ठेवावं लागतं. तंतू आखूड असला की मागच्या जोडीने सोडलेला आणि पुढच्या जोडीने न पकडलेला असा तो मध्येच तरंगतो. सूत जाडंभरडं निघतं, तुटतं. चरख्यावर बसलेल्या बाईच्या बोटांना ही अडचण नाही. आखूड तंतू आला की ती पीळ वाढवते, ओढ कमी करते, हे सगळं बोलता बोलता. मँचेस्टरची यंत्रं अमेरिकन धाग्याच्या मापाने बेतली गेली होती, म्हणून वऱ्हाडी धागा एकाएकी वाईट ठरला. धागा तोच होता, बोटं बदलली.

तरी कापूस जायचा थांबला नाही. हैदराबादचे पारशी व्यापारी विकाजी आणि पेस्तनजी यांनी १८२५-२६ मध्ये वऱ्हाडातून मुंबईला कापूस धाडला: पाचशे बैलांवर १,२०,००० पौंड. हिशेब केला तर एका बैलाच्या पाठीवर २४० पौंड, म्हणजे शंभर किलोच्या वर. त्याआधी १८०३ मध्ये अडगाव आणि गाविलगडाच्या लढाया झाल्या, भोसल्यांचा वऱ्हाड निजामाकडे गेला. १८५३ मध्ये निजामाने तो इंग्रजांच्या हवाली केला. मग अमेरिकेत १८६१ ला यादवी पेटली, तिकडचा कापूस अडला, आणि इकडे भाव आभाळाला भिडले. रेल्वे १८६७ पर्यंत नागपूरला भिडली. लिव्हरपूलच्या बाजारात वऱ्हाडी कापसाच्या प्रतीला 'ऊमरा' असं नाव पडलं. उमरावती, म्हणजे अमरावती, या नावाचं हे दलालांनी कापून घेतलेलं रूप.

इंग्रज अधिकाऱ्यांची तक्रार कायम एकच: शेतकरी चांगलं बियाणं पेरत नाही. वऱ्हाडात आणि हिंगणघाटच्या बाजूला 'बनी' नावाची गावरानी जात होती, तिचा धागा खरंच तलम. पण शंभर किलो कापसातून रुई निघायची पंचवीस-तीस किलो. 'जरी' नावाचा भरड कापूस जास्त उतारा द्यायचा आणि पुढे आलेली रोझियम ही जात तर चाळीसच्या आसपास. जिनवाला उताऱ्यावर भाव देतो, तलमपणाचे चार पैसे मधल्यामध्ये जिरतात. मग शेतकऱ्याने बनी का पेरावी? त्याला अडाणी म्हणणाऱ्या अहवालांपेक्षा मला त्याचा हिशेब पटतो. शिवाय जपानच्या गिरण्यांना आखूड धागा चालत होता, त्यामुळे ऊमराला गिऱ्हाईक होतंच.

अमेरिकन कपाशीला वऱ्हाडात पाय रोवायला वेळ लागला. कंपनी सरकारने १८४० च्या सुमारास अमेरिकेतून बागायतदार आणवून हिंदुस्थानात प्रयोग करून पाहिले. धारवाडकडे जमलं, बाकी बहुतेक ठिकाणी फसलं. खरा रेटा आला फाळणीनंतर. पंजाब-सिंधमधली लांब धाग्याची पाटपाण्याखालची शेतं पाकिस्तानात गेली आणि गिरण्या राहिल्या मुंबई-अहमदाबादला. १९७० मध्ये सुरतला सी. टी. पटेल यांनी 'एच-४' हा व्यापारी पेरणीचा जगातला पहिला संकरित कापूस दिला. अकोल्याला १९६९ मध्ये निघालेल्या कृषी विद्यापीठाचं 'पीकेव्ही हायब्रीड-२' वऱ्हाडातल्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या तोंडी बसलं. २००२ मध्ये बीटी आली. आज देशातल्या कपाशीत नव्वद टक्क्यांहून जास्त हिर्सुटम आहे.

वऱ्हाडी ताटाकडे पाहिलं तर असे पाहुणे बरेच दिसतात. ठेच्यातली मिरची आणि शेंगदाणे अमेरिकेतून पोर्तुगीजांच्या काळात आले. भाकरीची ज्वारी चार हजार वर्षांपूर्वी आफ्रिकेतून आली, म्हणून तिला आता कुणी पाहुणी म्हणत नाही. पण मिरचीने मिऱ्याला पुरतं उठवलं नाही, ती त्याच्या शेजारी बसली. अमेरिकन कपाशीने जागा घेतली.

पुरी मात्र नाही. खारपाणपट्ट्यात पाऊस दडी मारतो तेव्हा गावरानीची सोटमुळं खोल उतरून ओल शोधतात. मावा-तुडतुडे तिला कमी छळतात. कोकडा आणणारा जो विषाणू उत्तरेत अमेरिकन कपाशीची पानं मुडपून टाकतो, त्याला ती दाद देत नाही. अकोल्याच्या विद्यापीठाने 'एकेए' मालिकेतली तिची वाणं जपली आहेत. भरड, आखूड तंतू पाणी पटकन शोषतो, म्हणून दवाखान्यातल्या कापसाला तो हवा असतो. माझी आजी फुलवातींसाठी गावरानीच मागायची. अमेरिकनची वात तेल घेत नाही, असं तिचं मत. मी कधी तपासून पाहिलं नाही.

शेतकरीदादांच्या त्या धुऱ्यावर दोन्ही जातींच्या ओळी शेजारी शेजारी होत्या. गावरानीची फुलं पिवळी, तळाशी लालसर डाग. अमेरिकनची मलईरंगी, दुसऱ्या दिवशी गुलाबी होणारी. एक मधमाशी पिवळ्या फुलातून निघून पलीकडच्या फुलात शिरली, अंगभर पराग घेऊन. त्यातून बी धरलंच, तर त्या झाडात गुणसूत्रं येणार ३९: १३ जोड्या, १३ एकटी. झाड उंच वाढतं, फुलतं, आणि बोंडं धरत नाही.