मालिका बंद होते तेव्हा इंदूरला कोण विचारतं?

सावित्रीबाई फुले यांची जयंती 3 जानेवारीला असते. 2020 च्या जानेवारीत, जयंतीच्या पाठोपाठ, सोनी मराठीवर ‘सावित्रीजोती’ ही मालिका सुरू झाली. पुढची जयंती आठवड्यावर आली होती, आणि डिसेंबरच्या अखेरीस मालिका बंदही झाली. अश्विनी कासार सावित्रीबाई, ओंकार गोवर्धन जोतीराव. निर्मिती ‘दशमी क्रिएशन्स’ची. मधले तीन महिने कोरोनाच्या टाळेबंदीत चित्रीकरण ठप्प होतं, म्हणजे हाती आलं ते वर्षही अपुरंच. बंद होण्याचं कारण सांगितलं गेलं ते टीआरपीचं. फुले-आंबेडकरी साहित्याचे अभ्यासक हरी नरके यांनी तेव्हा जाहीरपणे खंत व्यक्त केली. सासू-सुनांच्या कारस्थानांना वर्षानुवर्षं पोसणारा प्रेक्षक सावित्रीबाईंसाठी अर्धा तास काढत नाही, अशी चिडचिड अनेक चाहत्यांनी केली.

पण सगळाच प्रेक्षक पाठ फिरवून बसला होता का? निदान इंदूरपुरतं उत्तर असं, की कोणी तपासलंच नाही.

पोलोग्राउंड हा इंदूरचा जुना औद्योगिक भाग. नाव संस्थानी थाटाचं, वस्तुस्थिती कारखान्यांच्या शेडची. पश्चिम मध्य प्रदेशाला वीज पुरवणाऱ्या वितरण कंपनीचं मुख्यालयही इथंच आहे. या कंपनीच्या लेखी इंदूरमधलं प्रत्येक घर मोजलेलं असतं. महिन्याला किती युनिट जळले ते बिलावर छापून येतं. टीव्हीचा हिशेब असा घरोघरचा नसतो. तो करते ‘बार्क’ ही संस्था, आणि तिचा मीटर निवडक घरांतच बसवलेला असतो. ‘सावित्रीजोती’ चालू होती त्या वर्षी देशात टीव्ही असलेली घरं सुमारे 21 कोटी होती आणि मीटर सुमारे 44 हजार घरांत. म्हणजे एक घर साधारण पावणेपाच हजार घरांच्या वतीने बोलणार.

वाहिनीच्या आवाजात कानाला न जाणवणारी एक खूण मिसळलेली असते. मीटर ती पकडतो, आणि कोणती वाहिनी किती वेळ चालू होती हे त्यातून कळतं. खोलीत कोण बसलंय हे कळण्यासाठी घरातल्या प्रत्येकाला रिमोटवर आपापलं बटण दाबावं लागतं. आजोबा बटण दाबायला विसरले की त्या दिवशी आजोबांनी टीव्ही पाहिलाच नाही! दर गुरुवारी आकडे येतात, आणि मालिकेच्या सेटपासून वाहिनीच्या कार्यालयापर्यंत सगळ्यांचा जीव त्या दिवशी टांगणीला लागलेला असतो. नमुना घेऊन अंदाज बांधण्याची ही पद्धत शास्त्राला धरून आहे, जगभर चालते. मात्र लहान वाहिनीच्या मालिकेला मुळात प्रेक्षक थोडे असतात, तेव्हा मूठभर घरांनी चॅनल बदललं तरी आकडा हलतो.

इंदूरकराची गोष्ट याच्याही पुढची आहे. मराठी वाहिन्यांचे जे साप्ताहिक आकडे चर्चेत असतात, कोणती मालिका पहिली, कोणती दहावी, ते ‘महाराष्ट्र-गोवा’ या बाजाराचे असतात. इंदूर त्या नकाशात नाही. रामबाग, लोकमान्यनगर, राजेंद्रनगर इथल्या सगळ्या मराठी घरांनी रोज ‘सावित्रीजोती’ लावली असती, तरी त्या क्रमवारीत तिचं स्थान एका पायरीनेही वर सरकलं नसतं.

आणि हा प्रेक्षक फुकट बघणारा नाही. फेब्रुवारी 2019 पासून दूरसंचार नियामक ‘ट्राय’च्या नव्या नियमांनुसार ज्याला जी वाहिनी हवी तिचे पैसे त्याने मोजायचे असतात. मध्य प्रदेशातल्या डीटीएचवाल्याचा नेहमीचा पॅक हिंदी असतो. मराठी वाहिनी आठवणीने मागून घ्यावी लागते. ‘सानंद’ या संस्थेच्या नाटकांना वर्षानुवर्षं वर्गणी भरणारं हे शहर आहे. ज्या गावात 1917, 1935 आणि 2001 अशी तीन मराठी साहित्य संमेलनं झाली, तिथल्या रसिकाच्या आवडीबद्दल शंका घेण्याचं कारण नाही.

जाहिरातदाराचं गणित मात्र समजण्यासारखं आहे. पुण्याच्या सराफाला किंवा कोल्हापूरच्या मसालेवाल्याला इंदूरमध्ये दुकान नसेल, तर तिथल्या प्रेक्षकासाठी तो पैसे का मोजेल? साबण आणि टूथपेस्ट विकणाऱ्या मोठ्या कंपन्या इंदूरला हिंदी वाहिन्यांवरून गाठतातच. वाहिनीचा खर्च निघतो तो मुख्यतः जाहिरातीतून. जुन्या काळातली मालिका म्हटली की वाडा, नऊवारी, पगड्या, दागिने, सगळंच महाग. त्यामुळे आकडा घसरला की पहिली कुऱ्हाड तिच्यावर. अर्थात काळ जुना नसला तरी सुटका नसते. 2008 ची ‘अग्निहोत्र’ लोकांनी डोक्यावर घेतली होती. तिचा दुसरा भाग स्टार प्रवाहवर डिसेंबर 2019 मध्ये मोठ्या अपेक्षेने आला आणि जेमतेम चार महिन्यांत गुंडाळला गेला.

इंदूरचा शब्द मोजला गेला तो हिंदीत. ‘दशमी’नेच जानेवारी 2021 मध्ये सोनीच्या हिंदी वाहिनीवर ‘पुण्यश्लोक अहिल्याबाई’ आणली. हिंदीचा बाजार वेगळा, त्यात मध्य प्रदेश येतो, म्हणजे होळकरांची नगरी आता हिशेबात होती. मालिका 2023 पर्यंत चालली. तरी एक हळहळ उरतेच. छोट्या अहिल्येची भूमिका अदिती जलतारेने इतकी गोड केली, की मालिका वर्षाहून अधिक काळ बालपणातच रमली. ज्या अहिल्याबाईंच्या नावाने इंदूरचं विमानतळ आणि विद्यापीठ ओळखलं जातं, त्यांनी 1767 ते 1795 असा 28 वर्षं कारभार केला. घाट, बारव, देवळं, महेश्वरचा विणकाम व्यवसाय हे सगळं त्या काळातलं. पडद्यावर जागा जास्त मिळाली ती वाड्यातल्या हेव्यादाव्यांना. हाही गुरुवारच्या आकड्यांचाच महिमा.

मग चाहत्याने काय करायचं? अमेरिकेत 1967-68 मध्ये ‘स्टार ट्रेक’ बंद होणार अशी कुणकुण लागताच प्रेक्षकांनी एनबीसी वाहिनीकडे पत्रांचा ढीग लावला आणि मालिकेला तिसरा हंगाम मिळाला. 2007 मध्ये ‘जेरिको’ बंद झाली तेव्हा चाहत्यांनी सीबीएसच्या कार्यालयात कित्येक टन शेंगदाणे पाठवले. सात नवे भाग पदरात पडले. दोन्ही मालिका पुढे बंद झाल्याच, पण कोणी पाहत नाही हा समज तरी खोटा ठरला.

आपल्याकडे ओरड होते ती शेवटचा भाग दाखवून झाल्यावर. तोपर्यंत सेट मोडलेला असतो, कलाकार दुसऱ्या कामाला लागलेले असतात. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदा, बेळगाव इथल्या मराठी प्रेक्षकांनी तर वाट पाहूच नये, कारण त्यांच्या वतीने बोलणारा मीटर ‘महाराष्ट्र-गोवा’च्या क्रमवारीत नाही. एखादी मालिका मनापासून आवडत असेल तर तिच्या दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातच वाहिनीला लिहा, गावाचं नाव घालून लिहा, आणि शेजारच्या चार घरांनाही लिहायला लावा.