दोन महिन्यांचा आंबा, बारा महिन्यांची राखण

रत्नागिरीत कलमांवर फळ धरलं की बागेला राखणदार लागतो. वानरं, वटवाघळं आणि चोर या तिघांसाठी एक माणूस रात्रंदिवस बागेतच राहतो. बऱ्याच बागांत तो नेपाळहून आलेला असतो. तो झाडाला एकही आंबा लावत नाही, फक्त कुठे काय हललं ते सांगतो. २०१३ साली आम्ही घरच्या हापूसची वेबसाइट उभी केली, तेव्हा तिलाही असा राखणदार लागेल हे आमच्या ध्यानीमनी नव्हतं. ते कळायला पुढची बारा वर्षं गेली.

साइट बांधली मावसभावाने, कॉलेजच्या सुट्टीत. पहिलं वर्ष गेलं, दुसरा हंगाम निम्मा सरला, तरी एक ऑर्डर नाही. काकांनी विचारलं, “अरे, आपलं दुकान गुगलात गावत कसं नाही?” तेव्हा कुठे आम्ही गुगलच्या वेबमास्टर टूल्सचं नाव ऐकलं. २००५ मध्ये ‘साइटमॅप्स’ म्हणून सुरू झालेली ही फुकट सोय. २००६ मध्ये तिला वेबमास्टर टूल्स हे नाव मिळालं आणि २०१५ पासून ती ‘सर्च कन्सोल’ झाली. आधी साइट आपलीच असल्याचा पुरावा द्यायचा, म्हणजे तिथला सातबारा दाखवायचा: गुगलने दिलेली छोटी फाइल साइटवर ठेवायची, नाहीतर डोमेनच्या नोंदीत एक ओळ घालायची. मग सगळ्या पानांची यादी, म्हणजे साइटमॅप, सादर करायचा.

यादी दिली आणि उत्तर आलं की सगळी पानं रोबॉट्सच्या फाइलने अडवलेली आहेत. साइट बांधताना वर्डप्रेसमध्ये ‘सर्च इंजिनांना येऊ देऊ नका’ या अर्थाच्या चौकटीत खूण केली होती, ती काढायचीच राहिली होती. दुकान मांडलं होतं आणि दाराला आतून कडी. खूण काढली तोवर मे निम्मा संपला होता आणि बागेत शेवटची तोड चालू होती.

दुसरा धडा २१ एप्रिल २०१५ चा. मोबाइलवर नीट न दिसणाऱ्या साइट मोबाइलच्या शोधात मागे जातील, असं गुगलने फेब्रुवारीतच जाहीर केलं होतं आणि बदल लागू व्हायला सुरुवात झाली ती याच दिवशी. जगाच्या लेखी तो एक साधा मंगळवार होता. आमच्याकडे त्या दिवशी अक्षय तृतीया होती! वर्षातली सगळ्यात मोठी मागणी त्या आठवड्यात असते. अक्षरं बारीक आहेत, बटणं चिकटून आहेत, ही सूचना वेबमास्टर टूल्समध्ये येऊन पडली होती. पण हंगामात पेट्या भरायच्या की सूचना वाचायच्या? त्या वर्षी एक गोष्ट डोक्यात बसली: कलमांना खत पावसाळ्याच्या तोंडावर आणि मोहोर यावा म्हणून कल्टार श्रावणाच्या आसपास घालतात, आंबा मात्र चैत्र-वैशाखात उतरतो. साइटचंही तसंच. मार्चमध्ये लिहिलेलं पान त्याच अक्षय तृतीयेला वर दिसेल, ही आशा व्यर्थ.

बंद हंगामात राखण सोडली तर काय होतं, ते २०१७ च्या पावसाळ्यात दिसलं. ऑगस्टमध्ये सहज आमच्या साइटचं नाव शोधलं, तर आंब्याऐवजी जपानी अक्षरांतली पानं ढिगाने निघाली. जुनं प्लगइन अपडेट केलेलं नव्हतं, तिथून कुणीतरी आत शिरलं होतं. कन्सोलने इशारा वेळेवर पाठवला होता, पण तो गेला मावसभावाच्या कॉलेजच्या ईमेलवर, जो त्याने कधीच बंद केला होता. आणखी कहर म्हणजे मालकांच्या यादीत एक अनोळखी ईमेल बसलेला. चोराने बागेत शिरून सातबाऱ्यावर स्वतःचं नाव चढवलं होतं! त्याची ओळख पटवणारी फाइल काढली, पासवर्ड बदलले, घाण उपसली आणि फेरतपासणीची विनंती केली. तेव्हापासून मालकी घरच्या ईमेलवर आहे आणि इशारे दोन जणांना जातात.

जानेवारी २०१८ मध्ये कन्सोल नव्या रूपात आलं. रंगरूपापेक्षा मोलाचा होता एक आकडा. आधी फक्त ९० दिवसांची माहिती दिसायची, आता १६ महिन्यांची दिसू लागली. बारमाही दुकानाला याचं अप्रूप नसेल. पण ज्याचा माल वर्षातून एकदाच येतो, त्याला ९० दिवसांत मागच्या वर्षीचा हंगाम दिसणारच कसा? आता यंदाचा एप्रिल मागच्या एप्रिलशेजारी ठेवता येऊ लागला.

ठेवला, आणि तिथेही फसलो. २०१९ च्या एप्रिलमध्ये क्लिक घसरलेले दिसले. काकांनी कॅलेंडर काढलं. २०१८ ला अक्षय तृतीया १८ एप्रिलला होती, २०१९ ला ७ मे रोजी. मागणी घसरली नव्हती, पुढे सरकली होती. यंत्राला तारीख कळते, तिथी कळत नाही. त्या दिवसापासून अहवाल उतरवून एका वहीत ठेवतो आणि प्रत्येक आठवड्यापुढे तिथी लिहितो. सोळा महिन्यांनंतर कन्सोल विसरतं, वही विसरत नाही.

कन्सोलने सगळ्यात जास्त शिकवलं ते लोकांच्या शब्दांतून. आम्ही मोठ्या थाटात सगळीकडे ‘अल्फान्सो’ लिहिलं होतं. अहवालात लोक रोमन अक्षरांत का होईना ‘हापूस’च टंकत होते, आणि सोबत ‘पेटी’. ‘देवगड की रत्नागिरी’, ‘साका म्हणजे काय’, ‘आंबा घरी कसा पिकवायचा’ असे प्रश्न आमच्यापर्यंत पोचायचे, पण क्लिक शून्याच्या आसपास, कारण उत्तर साइटवर नव्हतंच. ऑक्टोबर २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर हे जिल्हे आले. मग ‘खरा कसा ओळखायचा’ हा प्रश्न वाढला. कर्नाटकातला आंबा रत्नागिरीच्या नावाने विकला जातो, हे दुखणं जुनंच. आम्ही त्यानंतर आंबा पिकवायची आढी, साका हा गरातला दोष आणि मानांकन यांवर साध्या मराठीत पानं लिहिली.

ती पानं २०२० मध्ये कामी आली. टाळेबंदीत वाशीच्या बाजाराचा भरवसा उरला नाही आणि बागायतदार थेट मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांत पेट्या पोचवू लागले. ‘होम डिलिव्हरी’ हा शब्द आमच्या अहवालात त्या एप्रिलमध्ये एकदम वर आला. लोक शोधत आले तेव्हा पानं आधीच उभी होती. बिंगचं वेबमास्टर टूलही मग जोडून टाकलं. गुगलच्या कन्सोलमधूनच साइट तिथे आणता येते, त्यामुळे काम पाच मिनिटांचं.

ऑगस्ट २०२४ पासून भारतातही गुगल निकालांच्या वर एआयने लिहिलेला सारांश दाखवतं. आमच्या साक्याच्या पानाची वहीतली नोंद आता अशी आहे: दिसतं पूर्वीइतकंच, उघडतात कमी. उत्तर वरच्या वर वाचून होतं. पेटी शोधणारे मात्र अजून आत येतात, कारण सारांश आढीत घालून पिकवता येत नाही.

परवा काका कल्टार घालायला बागेत निघाले तेव्हा मी वही उघडून बसलो होतो. जाता जाता त्यांनी पुढच्या अक्षय तृतीयेचा आठवडा कोणता ते पंचांगात पाहिलं आणि त्याच्यापुढे पेन्सिलीने खूण केली. तो रकाना अजून कोरा आहे.