चपटे डोके आणि अडलेली मान

बाळ दोन-तीन महिन्यांचे झाले, की अनेक घरांत एक शोध लागतो: बाळाचे डोके मागून एका बाजूला चपटे झाले आहे. मग आजी राईची उशी शिवायला घेते, न्हाऊ घालणाऱ्या बाईला डोके नीट दाबून गोल करायला सांगितले जाते, आणि आई वेगळ्याच काळजीत पडते. डोके दबले म्हणजे आतला मेंदूही दबला असेल का? मूल अभ्यासात मागे तर पडणार नाही ना?

या शंकेचे उत्तर कवटीच्या घडणीत आहे. जन्माच्या वेळी कवटी म्हणजे एकसंध भांडे नसते. कपाळाची, माथ्याची, मागची अशी पातळ हाडे तंतुमय शिवणींनी एकमेकांना जोडलेली असतात. माथ्यावर या शिवणी जिथे मिळतात तिथे मऊ जागा उरते, तीच आपली टाळू. बहुतेक मुलांत ती एक ते दोन वर्षांच्या दरम्यान भरते. मागची छोटी टाळू दोन-तीन महिन्यांतच मिटते. (टाळू तेल घातल्याने भरत नाही, हाडांच्या कडा वाढून भरते. तेल घालणाऱ्या आजीला हे सांगावे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे.) या सैल जोडणीमुळेच प्रसूतीच्या वेळी हाडे थोडी एकमेकांवर सरकतात आणि डोके बाहेर येऊ शकते.

जोडणी सैल असण्याचे दुसरे कारण मेंदूची वाढ. जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढ-मानकांनुसार मुलग्याच्या डोक्याचा घेर जन्मतः सरासरी ३४.५ सेंमी. आणि वर्षाअखेर ४६.१ सेंमी. असतो; मुलींचा ३३.९ आणि ४४.९. मेंदू वाढतो, हाडांना बाहेर रेटतो आणि शिवणींच्या कडेला नवे हाड तयार होते. आता जमिनीला टेकून वाढणारा भोपळा आठवा. खालच्या बाजूला तो चपटा होतो, पण आतला गर कमी होत नाही, तो दुसऱ्या दिशांना पसरतो. सतत एकाच बाजूवर निजणाऱ्या बाळाचे नेमके तेच होते. आकार बदलतो, मेंदूची जागा कमी होत नाही.

अशी डोकी एकदम जास्त दिसू लागली ती १९९० नंतर, पाश्चात्त्य देशांत. तिथे तान्ही मुले पालथी निजवण्याची पद्धत होती. पालथ्या निजणाऱ्या बाळांत झोपेतच अचानक होणारे, कारण न सापडणारे मृत्यू जास्त आढळतात, हे लक्षात आल्यावर ब्रिटनमध्ये १९९१ साली आणि अमेरिकेत १९९४ साली बाळांना उताणे निजवण्याची मोठी मोहीम सुरू झाली. असे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. त्याची एक किरकोळ किंमत म्हणजे ही चपटी डोकी. कॅनडातील कॅलगरी शहरात ७ ते १२ आठवड्यांची ४४० बाळे तपासली, तेव्हा ४६.६ टक्के बाळांत कमी-अधिक चपटेपणा आढळला (२०१३). त्यांतील बहुतेकांत तो सौम्य होता. डोके गोल राहावे म्हणून बाळाला पुन्हा पालथे निजवणे हा मात्र फारच महाग सौदा ठरेल.

राईच्या उशीबद्दलही हेच म्हणावे लागते. डोक्याला आकार देणाऱ्या उशांनी श्वास कोंडण्याचा धोका असतो, म्हणून त्या वापरू नयेत असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२२ साली दिला. हलक्या हाताने तेल लावायला हरकत नाही. दाबून डोके घडवता येते या समजुतीला मात्र आधार नाही.

मग काळजीचे काहीच नाही का? आहे, आणि इथेच शिकलेली नजर लागते. क्वचित एखाद्या बाळात, साधारण दोन-अडीच हजारांत एकाच्या, कवटीची एखादी शिवण वेळेआधीच हाडाने बंद होते. जर्मन शास्त्रज्ञ रुडॉल्फ व्हिर्शो याने १८५१ साली याचा नियम मांडला: बंद झालेल्या शिवणीच्या आडव्या दिशेने वाढ थांबते आणि तिच्या समांतर दिशेने जास्त होते. माथ्यावरची मधली शिवण बंद झाली, तर डोके होडीसारखे लांबट व अरुंद होते. अशा बाळाच्या मेंदूवर दाब वाढू शकतो, आणि गरज पडल्यास शस्त्रक्रिया बहुधा पहिल्या वर्षातच करावी लागते. हे बाळ ‘होईल आपोआप गोल’ म्हणून घरीच राहिले, तर मोलाचे महिने हातचे जातात.

मागच्या बाजूचा चपटेपणा निजण्यामुळे आला की शिवण बंद झाल्यामुळे, हे ओळखायला प्रशिक्षणात शिकवतात ती युक्ती भूमितीच्या शिक्षकांना आवडेल. बाळाचे डोके वरून पाहायचे. निजून चपटे झालेले डोके समांतरभुज चौकोनासारखे दिसते: ज्या बाजूला मागे चपटे, त्याच बाजूचा कान आणि कपाळ पुढे सरकलेले. मागची एका बाजूची शिवण बंद झाली असेल, तर आकृती समलंब चौकोनाकडे झुकते आणि कान पुढे सरकलेला नसतो. शिवणीवर बोट फिरवल्यास कधी उंचवटाही लागतो. शंका आली की बालरोगतज्ज्ञाकडे पाठवायचे. निदान करणे हे त्यांचे काम.

राहिला विकासाचा प्रश्न. अमेरिकेत सिएटल येथील संशोधकांनी चपट्या डोक्याच्या बाळांचा शालेय वयापर्यंत पाठपुरावा केला. लहानपणी त्यांचे विकास-चाचणीतील गुण, विशेषतः हालचालींचे, सरासरीने काहीसे कमी होते. शाळेच्या वयात (२०१९ चा अहवाल) सौम्य चपटेपणा असलेली मुले इतरांसारखीच निघाली. मध्यम व तीव्र गटात मात्र फरक राहिला. यावरून डोक्याच्या आकाराने बुद्धी कमी केली असे म्हणता येत नाही. माझ्या मते कार्यकारणाची दिशा बऱ्याचदा उलटी असावी: ज्या बाळाचे स्नायू सैल आहेत, जे कमी हालचाल करते किंवा ज्याच्या मानेचा एक स्नायू आखडला आहे, ते एकाच कुशीवर राहते आणि त्याचे डोके चपटे होते. म्हणजे चपटेपणा ही खूण आहे आणि विचारायचे ते हालचालीबद्दल. फ्रान्झ योसेफ गाल याच्या काळापासून डोक्याच्या उंचवट्यांवरून बुद्धी वाचण्याची जी खोड लागली, ती अजून सुटलेली नाही. वर्गातल्या एखाद्या मुलाच्या चपट्या डोक्यावर होणारे विनोद आपण सर्वांनी ऐकले आहेत.

आकार बदलण्यासाठी काही देशांत हेल्मेट घालतात. नेदरलँड्समध्ये मध्यम ते तीव्र चपटेपणा असलेल्या ८४ बाळांवर झालेल्या चाचणीत (२०१४) हेल्मेट घातलेली व न घातलेली बाळे दोन वर्षांची झाल्यावर फरक आढळला नाही. उलट फिनलंडमधील ओउलू येथे प्रसूतिगृहातच पालकांना बाळाला कसे निजवावे, कसे उचलावे याचे मार्गदर्शन दिले, तेव्हा तीन महिन्यांच्या वयात चपटेपणा ३१ ऐवजी ११ टक्के बाळांतच दिसला (२०१५). स्वीडनमध्ये बालआरोग्य परिचारिकांनाही असे प्रशिक्षण देऊन पाहिले गेले आहे.

त्यात अवघड असे काही नाही. आपल्याकडे अंगणवाडी सेविका आणि बारावीनंतर परिचारिका होऊ इच्छिणाऱ्या मुली हे सहज शिकू शकतील. दोन-तीन महिन्यांच्या बाळाजवळ बसावे, लाल खुळखुळा त्याच्या नजरेसमोर धरून हळूहळू एका खांद्याकडून दुसऱ्या खांद्याकडे न्यावा आणि मान कुठे अडते ते पाहावे. अडत नसेल, तर आईला एवढेच सांगावे: निजवताना उताणेच, पण डोक्याची बाजू रोज बदलावी; पाळण्यात उशापायथ्याची अदलाबदल करावी; बाळ जागे असताना, कोणीतरी समोर बसून, थोडा वेळ पोटावर ठेवावे. मान एकाच बाजूला राहत असेल, तर वाट न पाहता डॉक्टरांकडे न्यायला सांगावे. आणि दर महिन्याला, भुवयांच्या वरून आणि मागच्या सर्वांत फुगीर भागावरून टेप फिरवून, घेर वहीत लिहून ठेवावा.