जुनाट निद्रानाश : गोळी आणि वर्तनोपचार

आठवड्यातून किमान तीन रात्री आणि सलग तीन महिने झोप लागत नसेल किंवा टिकत नसेल, तर त्या विकाराला जुनाट निद्रानाश म्हणतात. झोल्पिडेमसारखी गोळी मेंदूतील चेतापेशींची उत्तेजना दाबून त्याच रात्री झोप आणते, आणि अचानक कोसळलेल्या दुःखाच्या काळात तिचा आधार मोलाचा ठरतो. मात्र दीर्घ वापरात तिची सवय जडू शकते, वृद्धांमध्ये तोल जाऊन पडण्याचा धोका वाढतो आणि ती एकाएकी बंद केल्यास निद्रानाश अधिक तीव्रतेने उलटतो.

वर्तनोपचार विकार टिकवून धरणाऱ्या सवयींवरच काम करतो. रात्री दहा ते सहा अंथरुणात राहूनही जेमतेम साडेपाच तास झोपणाऱ्या व्यक्तीला साडेबारापूर्वी आडवे न होण्यास आणि सहाला उठण्यास सांगितले जाते, त्यामुळे झोपेची ओढ साचते, झोप सलग होते आणि मग वेळ पंधरा-पंधरा मिनिटांनी वाढवली जाते. पहिले काही दिवस खरोखर कष्टाचे असतात, आणि अपस्मार किंवा द्विध्रुवी विकार असल्यास हा प्रयोग तज्ज्ञाविना करूच नये.

१९९९ साली प्रसिद्ध झालेल्या, संशोधक मोरिन यांच्या वृद्धांवरील तुलनात्मक अभ्यासात सुरुवातीला दोन्ही उपचार गुणकारी ठरले, पण दोन वर्षांनंतर वर्तनोपचाराचाच लाभ अधिक टिकला होता. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या संस्थेने २०१६ मध्ये प्रौढांसाठी हाच उपचार प्रथम सुचवला. आधीपासून गोळी घेणाऱ्यांनी ती डॉक्टरांच्या सल्ल्याने, टप्प्याटप्प्यानेच कमी करावी.