रस्ता ओलांडण्यास लागणारा वेळ



शहरांतील वाहतुकीचा विषय निघाला म्हणजे उड्डाणपूल, बोगदे, मेट्रो आणि आठ पदरी रस्ते आपल्या डोळ्यांपुढें उभे राहतात. मी मात्र आजच्या भाषणाचा आरंभ एका लहानशा हिशेबानें करणार आहें. आमच्या घरापुढील रस्ता कांहीं वर्षांपूर्वीं रुंद झाला. पूर्वीं तो १२ मीटर होता, आतां २४ मीटर आहे. पलीकडच्या बाजूस वाचनालय आहे. चौकांत पायीं जाणारांकरितां हिरवा दिवा २० सेकंद राहतो. हा वेळ कोणीं मनास येईल तसा ठरविलेला नाहीं. मनुष्य सेकंदास सुमारें १.२ मीटर चालतो, असें अभियंते सामान्यतः धरतात. २४ भागिले १.२ म्हणजे बरोबर २० सेकंद. गणितांत चूक नाहीं. परंतु साठी उलटलेला आणि गुडघे दुखत असलेला मनुष्य सेकंदास ०.८ मीटर चालला तरी पुष्कळ झालें. त्यास ३० सेकंद लागतात. मधल्या या दहा सेकंदांमुळें माझ्या पत्नीनें वाचनालयांत जाणें सोडलें आहे. पुस्तकें मी आणून देतों. पण कपाटापुढें उभें राहून चार पुस्तकें चाळावीं आणि त्यांतलें एक निवडावें, हा तिचा आनंद गेला तो गेलाच.

रस्ता मोजतांना आपण काय मोजतों, हा प्रश्न येथून उत्पन्न होतो. पुष्कळ वर्षें मोजणीदार चौकांत उभे राहून तासास किती गाड्या गेल्या तें टिपून घेत आले. गाड्या अडल्या कीं रस्ता अरुंद ठरे. पण कामास निघतो तो मनुष्य. गाडी हें त्याचें साधन. तेव्हां गाडींत माणसें किती होतीं, हें मोजलें पाहिजे. साठ माणसें घ्या. एका मोटारींत सरासरीनें दीड माणूस धरला तर त्यांस ४० मोटारी लागतात. मोटारीची लांबी आणि पुढच्या मोटारीपासूनचें अंतर मिळून प्रत्येकीस ८ मीटर जागा दिली, तर ३२० मीटर लांबीची रांग होते. तींच साठ माणसें, कांहीं बसून व कांहीं उभीं, १२ मीटर लांबीच्या एका बसमध्यें मावतात.

आतां आपल्या देशांत माणसें जातात कशीं, तें पाहूं. इ. स. २०११ च्या जनगणनेंत शेती व घरगुती उद्योग वगळून इतर कामें करणारे सुमारें २० कोटि लोक होते. त्यांपैकीं शेंकडा २२ हून अधिक पायीं आणि शेंकडा १३ सायकलवरून कामास जात. मोटारगाडीनें जाणारे शेंकडा ३ सुद्धां नव्हते. शिवाय जो बसनें किंवा आगगाडीनें जातो, तो घरापासून थांब्यापर्यंत आणि थांब्यापासून कचेरीपर्यंत पायींच जातो. म्हणून पायीं चालणारांची सोय ही थोड्या गरीब लोकांवर करावयाची मेहेरबानी नव्हे. आगगाडीस रुळ जसे लागतात, तसा सगळ्या सार्वजनिक वाहतुकीस पदपथ लागतो. भारत सरकारनें इ. स. २००६ मध्यें नागरी वाहतुकीचें जें राष्ट्रीय धोरण जाहीर केलें, त्यांतही रस्त्यावरील जागेची वांटणी गाड्यांकडे पाहून न करतां माणसांकडे पाहून करावी, असें तत्त्व मान्य केलेलें आहे.

यावर कोणी म्हणेल, रस्ते पुरेसे रुंद केले म्हणजे सर्वांचीच सोय होईल. हा समज स्वाभाविक आहे. परंतु अनुभव निराळा आहे. रस्ता रुंद झाला कीं पहिले कांहीं महिने गाड्या सुरळीत धांवतात. तें पाहून जो पूर्वीं बसनें जात असे तो स्वतःची गाडी काढतो. जो गर्दीची वेळ टाळून निघे तो ऐन गर्दीच्या वेळीं निघूं लागतो. आणि लांबच्या माळावर घरें बांधणारा, शहर आतां वीस मिनिटांवर आलें, अशी जाहिरात करतो. थोड्याच काळांत रस्ता पूर्वींइतकाच भरतो. फरक एवढाच कीं आतां अधिक गाड्या खोळंबतात, घरें अधिक दूर गेलेलीं असतात आणि रस्ता ओलांडणें दुप्पट कठीण झालेलें असतें. घरें कोठें बांधावयाचीं आणि माणसें कशीं न्यावयाचीं, हे दोन निर्णय दोन निराळ्या कचेऱ्यांत, एकमेकांस न विचारतां झाले, म्हणजे असें घडतें.

हे दोन्ही निर्णय एकत्र केल्यानें काय साधतें, तें दाखविणारें एक शहर ब्राझील देशाच्या दक्षिण भागांत आहे. त्याचें नांव कुरितिबा. इ. स. १९७० मध्यें तेथील लोकसंख्या सुमारें ६ लाख होती. २०२२ च्या जनगणनेंत ती सुमारें १७ लाख ७० हजार भरली. शहर फुगणार हें ओळखून तेथें १९६५ मध्यें नगररचनेकरितां एक स्वतंत्र संस्था स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षीं वाढीचा आराखडा संमत झाला. त्या संस्थेंतील जैमे लर्नर नांवाचा तरुण वास्तुविशारद १९७१ मध्यें शहराचा महापौर झाला. त्या काळीं तेथें लष्करी राजवट होती आणि महापौर नेमलेला असे, निवडलेला नसे. ही गोष्ट आपण विसरूं नये. लोकशाहींत हेंच काम समजूत घालून करावें लागतें, आणि त्यास वेळ लागतो.

लर्नर यांनीं १९७२ मध्यें शहराच्या मुख्य बाजारपेठेंतील रस्ता मोटारींस बंद करून पायीं चालणारांस दिला. दुकानदारांचा विरोध होता. गिऱ्हाईक मोटारींतून येतें, मोटार गेली कीं धंदा गेला, असें त्यांचें म्हणणें. काम लांबलें तर कज्जे उभे राहतील म्हणून तें शुक्रवारीं सायंकाळीं सुरू करून सुमारें ७२ तासांत संपविण्यांत आलें. नंतर मोटारवाल्यांनीं त्या रस्त्यावर गाड्या घालण्याचा बेत केला, तेव्हां पालिकेनें रस्त्यावर कागदाच्या लांब गुंडाळ्या पसरल्या आणि मुलांस चित्रें काढावयास बसविलें. मोटारी परत गेल्या. विक्री वाढलेली पाहून दुकानदारांनींच पुढें या व्यवस्थेचा विस्तार मागितला. कारण उघड आहे: मोटारींतून वेगानें जाणारास दुकानाची पाटीही धड वाचतां येत नाहीं; पायीं जाणारा थांबतो, पाहतो आणि आंत शिरतो.

दुसरें काम १९७४ मध्यें सुरू झालें. शहराच्या मध्यापासून बाहेर जाणारे कांहीं मुख्य मार्ग निवडण्यांत आले. पुढें त्यांची संख्या पांच झाली. प्रत्येक मार्गाच्या मधोमध केवळ बसकरितां राखलेली वाट आहे. तिच्या दोहों बाजूंस दुकानें व घरें यांकडे जाणारा, मंद गतीचा, अरुंद रस्ता आहे. जलद जाणाऱ्या मोटारींकरितां एकेक घरओळ सोडून दोन समांतर एकेरी रस्ते आहेत. उंच इमारतींस परवानगी बसमार्गाच्या कांठींच. जसजसें दूर जावें तसतशी इमारतींची उंची कमी. त्यामुळें जेथें दाट वस्ती तेथें बस, आणि जेथें बस तेथें दाट वस्ती, असा मेळ बसला. बसला उतारू मिळाले आणि उतारूंस बस मिळाली.

१९९१ मध्यें तेथें कांचेच्या मोठ्या नळीसारखे थांबे आले. उतारू आंत शिरतांनाच भाडें देतो. थांब्याची जमीन बसच्या जमिनीइतकी उंच असते, आणि बस थांबली कीं दारांतून एक फळी खालीं येऊन मधली फट भरते. पायरी चढावयाची नाहीं, सुटे पैसे शोधावयाचे नाहींत. याचा उपयोग किती, तें पाहा. वीस उतारू एकामागून एक चढून पैसे देऊं लागले आणि प्रत्येकास तीन सेकंद लागले, तर एका थांब्यावर एक मिनिट जातें. वीस थांब्यांचीं वीस मिनिटें होतात. तींच मिनिटें वांचलीं म्हणजे तीच बस दिवसांत अधिक फेऱ्या करते. आणि पायरी नसल्यामुळें म्हातारीं माणसें, कडेवर मूल असलेली आई, चाकांच्या खुर्चींत बसलेला मनुष्य, हीं सर्व कोणाचा हात न धरतां चढतात. या शहरांत सर्व आलबेल आहे असें नव्हे. बसगाड्यांत गर्दी दाटते, आणि मोटारींची संख्याही तेथें ब्राझीलमधील इतर शहरांच्या मानानें फार मोठी आहे. परंतु शहर वाढत असतांना बहुसंख्य लोकांचा रस्ता तुटूं दिला नाहीं, हें त्याचें श्रेय त्यास दिलेंच पाहिजे.

कुरितिबाच्या बसमार्गांचें अनुकरण पुढें अनेक देशांत झालें. आपल्याकडे पहिला प्रयोग पुण्यास डिसेंबर २००६ मध्यें कात्रज, स्वारगेट व हडपसर या मार्गावर झाला. दिल्लीस २००८ मध्यें ५.८ किलोमीटरचा मार्ग सुरू झाला आणि २०१६ मध्यें तो काढून टाकण्यांत आला. मोटारींस खोळंबा होतो, ही दिल्लींतील मुख्य तक्रार. पण उतारूची अडचण वेगळीच होती, आणि ती फारशी कोणीं विचारांत घेतली नाहीं. बसची वाट रस्त्याच्या मधोमध, म्हणजे थांबाही मधोमध. कुरितिबांत त्या थांब्यावर जातांना मंद गतीचा अरुंद रस्ता ओलांडावा लागतो, कारण जलद मोटारी एक घरओळ पलीकडून जातात. आपल्याकडे थांब्याच्या दोहों अंगांनीं भरधांव मोटारी आणि दुचाक्या. पुण्यास तिकिटही बसमध्येंच फाडलें जाई, त्यामुळें थांब्यावर वांचावयाचा वेळ वांचला नाहीं. मधली वाट आपण उचलली. तिला चालविणाऱ्या इतर गोष्टी मागेंच राहिल्या.

मग काय केलें म्हणजे रस्ता माणसांचा होतो? उपाय फार महागडे नाहींत. पदपथावर निदान १.८ मीटर रुंदीची मोकळी वाट असावी आणि त्याची उंची १५ सेंटिमीटरहून अधिक नसावी, असें भारतीय रस्ते परिषदेच्या २०१२ च्या मार्गदर्शक नियमांत सांगितलेलें आहे. १.८ मीटर म्हणजे दोन माणसें समोरासमोरून येऊन एकमेकांस न खेटतां जातील इतकी जागा. वाट मोकळी म्हणजे तींत विजेचा खांब, पेटी किंवा उभी दुचाकी नाहीं. फेरीवाल्यांस हुसकून वाट मोकळी करण्याचें कारण नाहीं; त्यांस कडेची नेमून दिलेली जागा असली कीं पदपथावर रात्रीं उजेड राहतो आणि जाग राहते, व एकट्यादुकट्या स्त्रीस तेवढाच धीर वाटतो.

रुंद रस्त्याच्या मधोमध उभें राहण्यापुरता ओटा असावा. २४ मीटर एका दमांत जाण्याऐवजीं १२ मीटर जावें, थांबावें, पुन्हां १२ मीटर जावें. सेकंदास ०.८ मीटर चालणारासही मग एका वेळीं १५ सेकंदच पुरतात. माझा पहिला हिशेब आठवा: दिव्याची वेळ न वाढवितांसुद्धां तो येथें सुटतो.

तिसरी गोष्ट वेगाची. धक्क्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो, हें आपण शाळेंत शिकलों आहों. ताशीं ३० आणि ताशीं ५० किलोमीटर यांचें प्रमाण ३ ला ५. वर्ग केला तर ९ ला २५. म्हणजे वेग दुपटीहून कमी वाढला, पण आघात पावणेतीनपटींहून थोडा अधिक झाला. उलट तीन किलोमीटरच्या अंतरास ताशीं ५० च्या वेगानें ३ मिनिटें ३६ सेकंद आणि ताशीं ३० च्या वेगानें ६ मिनिटें लागतात. शाळा, बाजार आणि वस्ती यांमधून जातांना हीं अडीच मिनिटें देण्यास कोणाही समंजस मनुष्याची हरकत नसावी. पलीकडे एक मूल आहे, आणि मुलास येणाऱ्या गाडीचा वेग अजमावतां येत नाहीं.

हें आपल्या लोकांस पटणार नाहीं, असें मात्र मी म्हणणार नाहीं. पुण्याच्या लक्ष्मी रस्त्याचा कांहीं भाग २०२१ मध्यें ११ डिसेंबर या दिवशीं पायीं चालणारांकरितां मोकळा ठेवण्यांत आला, आणि ही प्रथा पुढेंही चालू राहिली. एरवीं जेथें जीव मुठींत धरून चालावें लागतें, तेथें लोक रस्त्याच्या मधून रमतगमत गेले. वर्षांतील एक दिवस फार थोडा आहे. तथापि, जें एक दिवस करतां येतें, तें करतांच येत नाहीं असें पुढें कोणास म्हणतां येत नाहीं.

शेवटीं एक विनंति. उद्यां सकाळीं आपल्या घराजवळच्या चौकांत घड्याळ घेऊन पांच मिनिटें उभे राहा. हिरवा दिवा किती सेकंद राहतो तें पाहा, आणि रस्त्याची रुंदी पावलांनीं मोजून त्यास ०.८ नें भागा. आलेली संख्या दिव्याच्या वेळेहून मोठी असेल, तर त्या दोन संख्या एका कागदावर लिहून आपल्या प्रभागाच्या कचेरींत द्या. तक्रारीच्या मोठ्या अर्जापेक्षां हे दोन आंकडे अधिक उपयोगी पडतील, असा माझा समज आहे. मीं आमच्या चौकाचे दिले आहेत. उत्तराची वाट पाहत आहें. दरम्यान, पत्नीनें मागितलेलें पुस्तक आणावयास दुपारीं वाचनालयांत जावयाचें आहे.