सरकारी नोकराची बडतर्फी व न्यायाची रीत

एखाद्या कचेरीतील कारकून किंवा अंमलदार नोकरीवरून दूर झाल्याची वार्ता बाजारपेठेत पोहोचली, म्हणजे तिचे स्वागत बहुधा समाधानानेच होते. दाखल्यासाठी खेटे घालून थकलेला किंवा परवान्यासाठी हात ओले करावे लागलेला व्यापारी म्हणतो, "बरे झाले, एक तरी गेला!" पुढे काही वर्षांनी तोच मनुष्य न्यायालयाच्या निकालाने मागील पगारासह पुन्हा त्याच खुर्चीवर येऊन बसला, म्हणजे तोच व्यापारी कपाळास हात लावून कायद्यास दोष देतो. हा संताप आम्हांस समजतो. परंतु तो भलत्याच ठिकाणी जाऊन पडतो, असे आमचे मत आहे. सरकारी नोकरास बडतर्फीविरुद्ध दाद मागण्याचा हक्क का असावा, तो त्यास कसा मिळाला, आणि त्याचा फायदा कधी कधी अपराध्यास होतो तो कोणाच्या हयगयीमुळे, या तीन प्रश्नांचा विचार आज करण्याचे आम्ही योजिले आहे.

हा हक्क कोणी आपखुशीने दिलेला नाही. सरकारी नोकर हा राजाची मर्जी असेतोवरच नोकर, मर्जी खप्पा झाली की त्याने मुकाट्याने घरचा रस्ता धरावा, हे विलायतेतील जुने तत्त्व इंग्रज सरकारने इकडे आणिले. १८७४ साली सुरेंद्रनाथ बॅनर्जी यांस सिव्हिल सर्व्हिसमधून काढून टाकण्यात आले, तेव्हा ते दाद मागण्यासाठी थेट विलायतेस गेले. पण तेथेही त्यांचे कोणी ऐकले नाही. आपल्या महाराष्ट्रास तर क्रॉफर्ड प्रकरण चांगलेच परिचित आहे. मध्य विभागाचे कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांच्यावरील लाचलुचपतीच्या आरोपांची १८८८ साली चौकशी झाली. तीत सरकारने अभयवचन दिल्यावरून मामलेदार साक्ष देण्यास पुढे आले. आणि पुढे त्यांतीलच कित्येकांस नोकरीस मुकावे लागले. १८८९ साली पुण्यात या अन्यायाविरुद्ध सभा भरली व टिळकांनी मामलेदारांचा पक्ष उचलून धरला. हे मामलेदार सर्वस्वी निर्दोष होते, असे आमचे म्हणणे नाही. परंतु दिलेले वचन पाळावयाचे की मोडावयाचे हे सर्वस्वी सरकारच्या इच्छेवर राहिले, आणि ते मोडल्यास जाब विचारील असे न्यायपीठ कोठेही नव्हते, हीच त्यांतील खरी शोचनीय गोष्ट होय.

मर्जीच्या या भिंतीस पहिली चीर १९१९ च्या कायद्याने पडली. ज्याने नेमणूक केली त्याच्याहून कनिष्ठ अधिकाऱ्याने नोकरास बडतर्फ करू नये, असे शब्द तेव्हा कायद्यात आले. १९३६ साली विलायतेतील प्रिव्ही कौन्सिलपुढे मद्रास इलाख्यातील दोन अपिले निकालास निघाली. एक होते सरकारी छापखान्यातील एका मुद्रितवाचकाचे व दुसरे एका पोलीस फौजदाराचे. फौजदारास कनिष्ठ अधिकाऱ्याने काढले होते, म्हणून त्याची बडतर्फी रद्द ठरली. छापखान्यातील गृहस्थाची तक्रार एवढीच होती की, सरकारने स्वतःच केलेले चौकशीचे नियम सरकारनेच पाळले नाहीत. त्यास उत्तर मिळाले की, नियम मोडल्याबद्दल दिवाणी दावा चालत नाही. सारांश, कायद्यात जेवढे लिहिलेले तेवढेच संरक्षण. नियम म्हणजे केवळ सरकारचा सदुपदेश!

१९३५ च्या कायद्याने आणखी एक पाऊल पुढे पडले. त्याच्या २४० व्या कलमान्वये, योजलेल्या कारवाईविरुद्ध कारण दाखविण्याची वाजवी संधी दिल्यावाचून कोणासही बडतर्फ करता येईनासे झाले. या शब्दांचा खरा अर्थ काय, याचा उलगडा ज्या दाव्याने झाला तो आय. एम. लाल यांचा होय. हे गृहस्थ १९२२ साली सिव्हिल सर्व्हिसमध्ये शिरले व पंजाबात नोकरीस होते. त्यांच्यावरील आरोपांची खात्यामार्फत चौकशी होऊन १९४० च्या ऑगस्टात त्यांस नोकरीवरून दूर करण्यात आले. त्यांनी १९४२ साली दावा लावला. त्यांचे म्हणणे असे की, आरोपांस उत्तर देण्याची संधी ही एक गोष्ट. आणि आरोप शाबीत धरून बडतर्फीची शिक्षा योजल्यावर, ती का देऊ नये हे सांगण्याची संधी ही दुसरी गोष्ट. ही दुसरी संधी आपणांस मुळीच मिळाली नाही. १९४५ साली फेडरल कोर्टाने बहुमताने हे म्हणणे मान्य केले, आणि मार्च १९४८ मध्ये प्रिव्ही कौन्सिलनेही तोच निर्णय कायम केला. बडतर्फी निरर्थक ठरली आणि दावा लावतेवेळी लाल हे नोकरीतच होते, असे जाहीर झाले. परंतु थकलेल्या पगाराची मागणी मात्र नामंजूर झाली. कारण राजाकडून पगार हक्काने मागता येत नाही, हे जुनेच तत्त्व तेथे आडवे आले. आठ वर्षे झगडून त्या गृहस्थास मान मिळाला, दाम मिळाला नाही. ही उणीव पुढे स्वतंत्र भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली बिहारमधील एका पोलीस फौजदाराच्या प्रकरणात भरून काढली. थकलेल्या पगारासाठी सरकारवर दावा चालतो, असे त्या न्यायालयाने ठरविले.

स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेत 'मर्जी' हा शब्द ३१० व्या अनुच्छेदात राहिला खरा. पण त्याच्या लगोलग ३११ व्या अनुच्छेदाने तीस लगाम घातला. कनिष्ठ अधिकाऱ्याने काढू नये, आणि आरोप कळवून, वाजवी संधी देऊन, चौकशी केल्यावाचून काढू नये, असे हे दोन निर्बंध आहेत. वाजवी संधी म्हणजे काय, हे १९५७ साली खेमचंद प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले : आरोप नाकारून आपला निरपराधीपणा मांडता यावा, विरुद्ध बाजूच्या साक्षीदारांची उलटतपासणी घेता यावी व स्वतःचे साक्षीदार आणता यावे, आणि योजलेल्या शिक्षेविषयीही बोलता यावे. यांतील तिसरी संधी १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने काढून घेतली. तथापि १९९० साली व पुन्हा १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले की, चौकशी अधिकारी निराळा असेल तर त्याच्या अहवालाची प्रत निर्णयापूर्वी नोकरास मिळाली पाहिजे. ज्या कागदावर आपली भाकरी जावयाची तो कागद मनुष्याने एकवार वाचावयासही नको काय?

या नियमास तीन अपवाद आहेत : फौजदारी गुन्ह्यात दोषी ठरलेला नोकर, चौकशी करणे व्यवहारतः शक्य नसल्याचा प्रसंग, आणि राज्याच्या सुरक्षिततेचा प्रश्न. १९८५ साली तुलसीराम पटेल प्रकरणात हे अपवाद न्यायालयाने उचलून धरले; परंतु चौकशी टाळण्याची कारणे लेखी नमूद करावी लागतात, आणि ती खरी आहेत की केवळ सबबी आहेत हे न्यायालयास पाहता येते, हेही त्याच निकालात आहे. अपवाद हा औषधासारखा आहे. अधिकाऱ्यांनी त्याचे रोजचे जेवण करू नये.

आता आमचे व्यापारी मित्र विचारतील, "लाचखाऊ नोकरासाठी एवढे सोपस्कार कशाला?" आमचे पहिले उत्तर असे की, तो लाचखाऊ आहे किंवा नाही हेच तर चौकशीने ठरावयाचे आहे. एखाद्याने वरिष्ठाची बेकायदा आज्ञा मानली नाही, भलत्याच्या बिलावर सही केली नाही, म्हणून त्याच्यावर कुभांड रचले जाणे अशक्य नाही. ज्या कचेरीत वरिष्ठाची लहर हाच कायदा, तेथे प्रामाणिक मनुष्य टिकणार नाही आणि हुजऱ्यांचे फावेल. अशा कचेरीत व्यापाऱ्याचेच काम अडणार आहे. दुसरे उत्तर असे की, न्यायालय या प्रकरणात पुरावा पुन्हा तोलीत बसत नाही. चौकशी रीतीने झाली की नाही, निर्णयास काहीतरी पुरावा आहे की नाही, शिक्षा अपराधाच्या मानाने भयंकर तर नाही, एवढेच ते बहुधा पाहते. मग खरा अपराधी सुटतो तो कोणामुळे? दोषारोपपत्र मोघम लिहिणाऱ्यामुळे, मागितलेले कागद न दाखविणाऱ्यामुळे, महत्त्वाचा साक्षीदार उलटतपासणीस उभा न करणाऱ्यामुळे, आणि कारणे न देता दोन ओळींचा हुकूम काढणाऱ्यामुळे. न्यायालयाने असा हुकूम फिरविला म्हणजे आपण न्यायालयास शिव्या देतो. त्या आळशी अधिकाऱ्यास कोणी एक शब्द विचारीत नाही!

सर्वांत मोठा अन्याय मात्र दिरंगाईचा आहे. निलंबित मनुष्य धड नोकरीत नाही, धड बाहेर नाही. दुसरे काम करण्यास त्यास मोकळीक नाही, आणि शेजारीपाजारी त्याच्याकडे गुन्हेगार म्हणून पाहतात. त्याच्या निर्वाहभत्त्याची कथा ऐकावयाची असेल, तर ती महाराष्ट्रातीलच आहे. खालच्या कोर्टात दोषी ठरलेल्या व अपील चालू असलेल्या निलंबित नोकरास महिन्यास एक रुपया निर्वाहभत्ता द्यावा, असा नियम आपल्या राज्यात होता. तो १९८३ साली सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. एका रुपयात महिनाभर निर्वाह कसा करावा, याचे गणित ज्याने तो नियम लिहिला त्याने बहुधा स्वतः मांडून पाहिले नसावे. २०१५ साली त्याच न्यायालयाने सांगितले की, तीन महिन्यांत दोषारोपपत्र दिले नाही तर निलंबन पुढे चालू ठेवू नये. आणि खात्याची चौकशी शक्यतो सहा महिन्यांत, फार तर एका वर्षात, संपवावी. गैररीतीने काढलेल्या मनुष्यास मागील वेतन मिळणे हाच सामान्य नियम, असे २०१३ साली महाराष्ट्रातील एका शिक्षिकेच्या प्रकरणात ठरले. म्हणजे रेंगाळलेल्या चौकशीचा प्रत्येक महिना कोणाच्या माथी बसतो? तुमच्याआमच्या करांतून भरलेल्या तिजोरीच्याच!

दाद मागण्याची ठिकाणे आता निश्चित आहेत. राज्याच्या नोकरांसाठी १९९१ पासून महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण आहे, केंद्राच्या नोकरांसाठी केंद्रीय न्यायाधिकरण आहे. आणि १९९७ च्या निकालापासून त्यांच्या निर्णयांवर उच्च न्यायालयाची देखरेख आहे. प्रथम खात्याकडे अपील, मग न्यायाधिकरण, अशी ही वाट असून अंतिम हुकुमापासून साधारणतः एका वर्षात अर्ज करावा लागतो. ज्यास अन्याय झाला असे वाटते त्याने मंत्र्यांच्या बंगल्याचे उंबरठे झिजविण्यात हे वर्ष दवडू नये, असे आमचे त्यास सांगणे आहे.

सरकारास आमचे सांगणे थोडके पण निकडीचे आहे. चौकशीस मुदत घाला व ती पाळा. चौकशी अधिकारी आरोप करणाऱ्याच्या हाताखालचा नसावा. निर्वाहभत्ता पगाराच्याच दिवशी द्या. आणि ज्याच्या हयगयीने हुकूम न्यायालयात कोसळला त्याच्यापासूनही जाब घ्या. असे झाले तर लबाड नोकर लवकर जाईल व सालस नोकर निर्भयपणे राहील. आणि वाचकांनी एवढे ध्यानात ठेवावे की, ज्या राज्यात कारकुनास न ऐकता काढता येते, त्या राज्यात दुकानदाराचा परवानाही न ऐकता रद्द करता येईल. दुसऱ्याच्या दारावरची कडी आपण आज मोडू दिली, तर उद्या आपल्या दाराची कडी शाबूत राहील, या भरवशावर कोणी निश्चिंत झोपू नये.