फाईल सर्व्हरच्या कामाची नोंदवही

कार्यालयात सकाळी अकराच्या सुमारास संगणकावर फाईल उघडण्यास विलंब होऊ लागतो. कोणी संगणकांच्या जाळ्याला दोष देतो, तर कोणी सर्वांच्या फाईली सांभाळणाऱ्या सर्व्हरला. नव्या यंत्राच्या खरेदीचा प्रस्तावही पुढे येतो. दोष नेमका कोठे आहे हे मात्र कोणासही सांगता येत नाही, कारण कालपर्यंतच्या कामाची नोंदच ठेवलेली नसते. अशी नोंद आपोआप ठेवणारी छोटी आज्ञावली, म्हणजेच स्क्रिप्ट, लिहिणे फारसे अवघड नाही.

अनेक संगणकांना एकाच ठिकाणच्या फाईली वापरता याव्यात यासाठी सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने १९८४ साली 'नेटवर्क फाईल सिस्टिम' ही पद्धत विकसित केली. लिनक्स व युनिक्स संगणकांवर ती आजही प्रचलित आहे. आलेल्या प्रत्येक मागणीची मोजणी सर्व्हर स्वतःच करीत असतो आणि 'एनएफएसस्टॅट' ही आज्ञा ते आकडे दाखविते. नवशिक्याची फसगत होते ती येथेच. हे आकडे यंत्र सुरू झाल्यापासूनच्या एकूण मागण्यांचे असतात. विजेच्या मीटरवरील आकडा एकदाच पाहून महिन्याचा वापर कळत नाही, तसेच हे आहे. म्हणून स्क्रिप्टने ठराविक अंतराने वाचन घेऊन त्यातून मागील वाचन वजा करावयाचे असते. समजा, पाच मिनिटांत आकडा ३०,००० ने वाढला, तर सर्व्हरने दर सेकंदास सरासरी १०० मागण्या हाताळल्या. यंत्र मध्येच बंद होऊन पुन्हा सुरू झाल्यास मोजणी शून्यापासून होते व वजाबाकी ऋण येऊ शकते. असे वाचन सोडून द्यावे.

मागण्यांच्या संख्येबरोबरच 'आयओस्टॅट' या आज्ञेने डिस्कचा प्रतिसादकाळही नोंदवावा. मागण्या नेहमीइतक्याच, पण डिस्कचा विलंब वाढलेला, असे आढळल्यास शोध डिस्कपासून सुरू करणे इष्ट. याउलट, वापरकर्त्यांच्या संगणकांवर त्याच मागण्या पुन्हा पुन्हा पाठविल्या जात असतील, तर जाळ्यात माहिती गहाळ होत असावी किंवा सर्व्हर वेळेत उत्तर देत नसावा.

वापरकर्त्याच्या संगणकावरील स्क्रिप्टने आपली नोंदवही सामाईक जागेत ठेवू नये. सर्व्हर थबकला की तेथे लिहू पाहणारी स्क्रिप्टही थबकते, आणि नेमक्या अडचणीच्या वेळेचीच नोंद हाती लागत नाही. शिवाय तिला वेळापत्रकानुसार चालविणारा 'क्रॉन' दर पाच मिनिटांनी नवी प्रत सुरू करीतच राहतो. आधीची प्रत चालू आहे काय, हे पाहूनच नव्या प्रतीने पुढे जावे.

नोंदीस आरंभ मात्र तक्रार नसलेल्या दिवसांतच करावा. महिनाअखेरच्या अहवालांचा भार स्वाभाविक असतो. त्याची तुलना गेल्या महिनाअखेरीशी करावी, शांत सोमवारच्या आकड्यांशी नव्हे.